अर्धा टॅब, पूर्ण गाणं



घरात गिटार आहे? आणि ती सध्या कुठे आहे? भिंतीवर, कपाटावर की पलंगाखाली?

प्रश्न जरा टोचणारा आहे, पण विचारायलाच हवा. दहावीच्या सुट्टीत मोठ्या हौसेने आणलेली गिटार दिवाळीपर्यंत कव्हरमध्ये जाते, हे आपल्यापैकी बऱ्याच घरांत घडलेलं आहे. मग घरातले म्हणतात, "धरसोड वृत्ती, दुसरं काय!" आणि ते मूल मनातल्या मनात म्हणतं, "मला जमतच नाही." हे दुसरं वाक्य जास्त वाईट. कारण ते गिटारपुरतं राहत नाही.

मला वाटतं, अशा वेळी हौस कमी पडलेली नसते आणि बोटंही वाईट नसतात. बऱ्याचदा समोरचा कागदच चुकीचा असतो. म्हणून आजच्या सदरात फक्त त्या कागदाबद्दल बोलू या. खास करून रॉक गाण्यांच्या कागदाबद्दल, कारण अडतं ते तिथेच. ज्यांना गिटार वाजवता येत नाही, त्या आई-बाबांनी आणि आजी-आजोबांनीही वाचा. तुमचंही काम पुढे येणार आहे.

दोन कागद, दोन टोकं

गिटार शिकणाऱ्याच्या हातात साधारण दोन प्रकारचे कागद येतात.

पहिला म्हणजे कॉर्ड चार्ट. गाण्याचे शब्द लिहिलेले असतात आणि ज्या अक्षरावर कॉर्ड बदलायची, त्या अक्षराच्या डोक्यावर तिचं नाव: जी, डी, ए मायनर, सी. वाचायला सोपा. चार कॉर्ड्स येत असतील तर पहिल्याच संध्याकाळी गाणं म्हणता येतं. पण हा कागद बरंच काही सांगत नाही. कॉर्ड गिटारवर नेमकी कुठे धरायची, उजवा हात कसा चालवायचा, गाणं सुरू होण्याआधी जी ओळखीची धून वाजते ती कशी वाजवायची, यातलं काहीच त्यात नसतं.

दुसरा कागद म्हणजे टॅब, म्हणजे टॅब्लेचर. यात सहा आडव्या रेघा असतात. एक रेघ म्हणजे एक तार. सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार आणि सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात जाड. रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेटचा नंबर. शून्य असेल तर तार मोकळी वाजवायची. आकडे एकाखाली एक आले तर त्या तारा एकदम वाजवायच्या. स्वरलिपी येत नसली तरी चालतं, दहा मिनिटांत कुणालाही समजतं.

मग अडचण काय? पूर्ण गाण्याचा टॅब पाच-सात पानं भरतो. त्यात प्रत्येक तारेवरचा प्रत्येक आकडा असतो, पण साध्या टॅबमध्ये कुठला स्वर किती वेळ धरायचा हे धड कळत नाही. शिवाय आता कडवं चाललंय की ध्रुवपद, हे शोधायला परत मागे जावं लागतं. वाजवणाऱ्याचे डोळे आकड्यांवर खिळतात आणि कान बंद होतात. तिसऱ्या पानावर एक अवघड जागा येते, हात थांबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच थांबणं. पहिली दोन पानं पाठ आणि पुढचं गाणं कधी आलंच नाही, असे गिटारवाले तुम्हीही पाहिले असतील.

एक कागद फार कमी सांगतो, दुसरा फार जास्त. उपाय सरळ आहे. दोन्ही एकत्र करायचे: सगळ्या गाण्याच्या कॉर्ड्स, आणि जिथे खरंच गरज आहे तेवढ्याच दोन-चार बारांचा टॅब.

रॉकमध्येच का अडतं?

भावगीत किंवा जुनं सिनेमाचं गाणं नुसत्या कॉर्ड्सवर छान निभावतं. गळा गाणं ओळखीचं करतो, गिटार मागे साथ देते. रॉकमधलीही काही गाणी अशीच असतात. बॉब डिलनचं १९७३ सालचं 'नॉकिंग ऑन हेवन्स डोअर' घ्या. जी, डी, ए मायनर आणि सी एवढ्या चार कॉर्ड्समध्ये ते बसतं. टॅबची गरजच नाही. नुकत्याच शिकायला लागलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

पण कितीतरी रॉक गाण्यांची ओळख गिटारच्या एका छोट्या तुकड्यात असते. त्याला रिफ म्हणतात. डीप पर्पलचं १९७२ सालचं 'स्मोक ऑन द वॉटर' लोक पहिल्या काही स्वरांत ओळखतात, गायकाने तोंड उघडायच्या आधी. मेटालिकाचं १९९१ सालचं 'नथिंग एल्स मॅटर्स' सुरू होतं ते मोकळ्या तारा एकेक करून छेडत. कॉर्ड चार्टवर तिथे फक्त 'ई मायनर' लिहिलेलं असेल. ते बरोबरच आहे. पण कुणी तिथे ई मायनर खडखडून वाजवली, तर समोरच्याला गाणं कळणारसुद्धा नाही.

आता उलट बाजू पाहा. गन्स एन रोझेसचं 'स्वीट चाइल्ड ओ माइन', १९८७ सालच्या अल्बममधलं. सुरुवातीची ती गिटार बाराव्या फ्रेटच्या वर वाजते. पूर्ण टॅबमध्ये तिचे आठ बार छापलेले असतात, म्हणजे चौसष्ट आकडे! बघूनच घाम फुटतो. पण नीट पाहिलं तर तो आठ स्वरांचा एकच साचा आहे. प्रत्येक वेळी त्यातला फक्त पहिला स्वर बदलतो: दोनदा डी, दोनदा ई, दोनदा जी आणि परत दोनदा डी. बाकीचे सात स्वर तेच राहतात. म्हणजे एक बार लिहायचा आणि खाली टीप द्यायची, 'पहिला स्वर: डी, ई, जी, डी, प्रत्येकी दोन वेळा'. चौसष्ट आकड्यांचं काम अकरा-बारा चिन्हांत झालं. आणि कडवं सुरू झालं की डी, सी, जी, डी एवढ्या कॉर्ड्स पुरतात.

युक्ती जुनीच आहे

हा शॉर्टकट आजच्या मोबाइलवाल्या पिढीने काढलाय असं कुणाला वाटत असेल, तर थांबा. १६०६ साली इटलीत जिरोलामो मोंतेसार्दो यांनी गिटारसाठी एक पुस्तक छापलं. त्यात प्रत्येक कॉर्डला एकेक अक्षर दिलं होतं. या पद्धतीला 'आल्फाबेतो' म्हणत. गंमत म्हणजे त्यातलं 'ए' हे अक्षर आजच्या ए कॉर्डचं नाही, ते आजच्या जी मेजरचं! अक्षर म्हणजे फक्त हाताच्या एका ठेवणीचं नाव. त्याचबरोबर रेघांवर आकडे लिहायची टॅबची पद्धतही तेव्हा होतीच. पुढे साधारण १६३० च्या सुमारास जोव्हान्नी पाओलो फोस्कारिनी यांनी या दोन्ही पद्धती एकाच पानावर आणल्या. झोडायच्या कॉर्ड्ससाठी अक्षर, आणि एकेक तार छेडायची असेल तिथे आकडे. जवळपास चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आपण आज करणार आहोत तेच.

आणि आपल्या घरातलं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे, पेशाने वकील. घराण्यांमध्ये तोंडपाठ जपलेल्या बंदिशी त्यांनी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या, त्याही मुळात मराठीत. त्यांची स्वरलिपी किती सुटसुटीत आहे पाहा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला गुणाकाराची खूण, खालीला शून्य. झालं! पण या लिपीत सगळं गाणं नसतं. असतो तो बंदिशीचा सांगाडा. मींडेची खूण असते, पण ती किती सावकाश घ्यायची ते गुरू सांगतो. आलाप आणि ताना ज्याच्या त्याने भरायच्या. कागदाने एवढंच सांगायचं की गाणं हरवू नये, आणि एवढं सांगायचं नाही की गाणारा फक्त वाचत बसेल.

मी राहते ते बसवनगुडी. इथे संध्याकाळी गांधी बझारच्या आसपासच्या गल्ल्यांतून चाललं की एखाद्या घरातून सरळी-वरसै ऐकू येतेच. कर्नाटक संगीत शिकणाऱ्या मुलांच्या कन्नडमधल्या वह्या मी पाहिल्यात. तिथेही तोच प्रकार. वर्णमचे स्वर लिहिलेले असतात, पण त्या स्वरांना झुलवणारा गमक मुख्यतः शिक्षकांच्या गळ्यातून येतो. तर मग गिटार शिकणाऱ्या मुलाकडूनच आपण कागदावरचा एकूण एक आकडा वाजवायची अपेक्षा का धरतो?

गच्चीवरचे तिघं

आता खरी गोष्ट काय अडते ते सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन मुलं आहेत. एक मराठी, त्याच्याकडे गिटार. एक कन्नड मुलगी, गाणं शिकते आणि कीबोर्ड वाजवते. एक तेलुगू मुलगा, कहोन म्हणजे ती बसून वाजवायची लाकडी पेटी बडवतो. तिघं नववी-दहावीतले. बिल्डिंगच्या गणपतीत एक इंग्रजी गाणं बसवायचं त्यांच्या डोक्यात होतं. बंगळुरूत रॉकचं वेड काही नवीन नाही. 'थर्मल अँड अ क्वार्टर'सारखा बँड इथे १९९६ पासून वाजवतोय, आणि ३० ऑक्टोबर २०११ ला मेटालिका पॅलेस ग्राउंड्सवर येऊन गेली, ती आठवण सांगणारे काका-मामा अजून भेटतात.

तर गच्चीवर तालीम सुरू झाली. गिटारवाल्याने सात पानांचा टॅब छापून आणला होता. तो पान उलटायचा, थांबायचा, परत करायचा. बाकीचे दोघं कठड्याला टेकून फोन बघायचे. चौथ्या दिवशी कीबोर्डवाली मला जिन्यात म्हणाली, "अक्का, तो पान तीनवर आहे. आम्ही काय करायचं?"

तिचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. पूर्ण टॅब हा एकट्याचा कागद आहे. त्यावर कीबोर्डवालीला काही वाचता येत नाही, कहोनवाल्याला तर काहीच नाही. गिटारवाला अडला की सगळे अडले. आणि आपल्यामुळे सगळे अडलेत हे त्यालाही कळत होतंच. दोन दिवस "पोट दुखतंय" म्हणून तो वर आलाच नाही.

मग एका रविवारी आम्ही चौघांनी बसून एक पान केलं. गाण्याचा नकाशा, कॉर्ड्स, मात्रांच्या तिरक्या रेघा, आणि चौकटीत फक्त एक रिफ. कीबोर्डवालीने कॉर्ड्स वाचल्या. कहोनवाल्याने तिरक्या रेघा मोजल्या. गिटारवाल्याने कॉर्ड्स धरल्या आणि रिफच्या जागी रिफ. रिफ चुकला तरी बाकीचे दोघं पुढे जात राहिले आणि तो पुढच्या बारला त्यांच्यात येऊन मिळाला. अडलेल्याला परत आत शिरायला दार ठेवणं, हा या पानाचा सगळ्यात मोठा फायदा. त्या संध्याकाळी गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलं. सुरेख झालं असं नाही म्हणणार, पण शेवटपर्यंत गेलं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिघांची घरची भाषा वेगळी, लिपी वेगळी. पण जी म्हणजे जी आणि ए मायनर म्हणजे ए मायनर, हे तिघांनाही सारखंच. आमच्यासारख्या शहरात हे काही थोडं नाही.

पान करू या

आता कृती. साहित्य: एकरेघी वही, पेन्सिल, खोडरबर. वहीच्या सलग सहा रेघा घेतल्या की सहा तारा तयार, वेगळं आखायला नको.

१. आधी ऐका, गिटार खाली ठेवून. गाणं दोनदा ऐका आणि फक्त नकाशा लिहा: सुरुवात, कडवं, ध्रुवपद, कडवं, ध्रुवपद, सोलो, शेवट. प्रत्येकासमोर किती बार ते लिहा. चार टाळ्या म्हणजे एक बार, बहुतेक रॉक गाण्यांना हे चालतं. इथे घरातल्या मोठ्यांचं काम. ज्यांना गिटार येत नाही त्यांनी टाळ्या मोजाव्यात. भजनात टाळ धरलेल्या आजीला हे नातवापेक्षा चांगलं जमतं, करून बघा.

२. पानाच्या डोक्यावर तीन गोष्टी. ट्युनिंग, कॅपो आणि वेग. ट्युनिंग का? कारण पुष्कळ रॉक रेकॉर्ड्सवर गिटार अर्धा स्वर उतरवलेली असते. 'स्वीट चाइल्ड ओ माइन'चंही तसंच. तुम्ही बरोबर वाजवत असता, पण रेकॉर्डबरोबर बेसूर लागतं आणि वाटतं आपलाच कान बिघडला. रेकॉर्डबरोबर वाजवायचं तर सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा आणि कीबोर्डवर ट्रान्सपोज उणे एक करा. आपापसात वाजवायचं असेल तर काहीच करायला नको.

३. कॉर्ड्स बारमध्ये लिहा. नुसतं नाव लिहू नका, मात्राही दाखवा. नाव म्हणजे पहिली मात्रा, पुढच्या तिरक्या रेघा म्हणजे उरलेल्या तीन. मी केलेलं एक साधं उदाहरण देते:

| ए मायनर / / / | एफ मेजर सेव्हन / / / |
| सी / / / | जी / / / |

एफची पूर्ण कॉर्ड धरताना नव्या बोटांची दमछाक होते, म्हणून इथे एफ मेजर सेव्हन घेतली आहे. चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला आणि पहिली तार मोकळी. जाड दोन तारा वाजवायच्या नाहीत. एखादी कॉर्ड अवघड असेल तर तिचा सोपा पर्याय पानावरच लिहून ठेवा. ऐनवेळी डोकं चालत नाही.

४. टॅब कशाचा लिहायचा ते ठरवा. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा तुकडा काढला तर ऐकणाऱ्याला गाणं ओळखू येईल का? 'नाही' उत्तर आलं तरच टॅब. साधारणपणे तीनच गोष्टी यात बसतात. एक, रिफ. दोन, एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना चालत जाणारा बेस, उदाहरणार्थ सी वरून ए मायनरला येताना पाचव्या तारेवर ३, २, ० असं उतरणं. तीन, सगळे एकदम थांबतात ती जागा आणि शेवट. एवढंच.

५. रिफ एकदाच लिहा, नाव द्या. वरच्या ए मायनर बारसाठी हा माझा घरगुती रिफ. फक्त दोन जाड तारा वापरल्यात, म्हणून बाकीच्या रिकाम्या रेघा इथे देत नाही. सगळ्यात वरची ओळ मोजण्याची आहे आणि अधिकचं चिन्ह म्हणजे 'आणि':

रिफ १

मोज |१-+-२-+-३-+-४-+-|
५वी |०-०-३-२-०---०---|
६वी |----------३-----|

तोंडाने म्हणा: "एक आणि दोन आणि तीन आणि चार". पाचव्या तारेवर मोकळी, मोकळी, तिसरा, दुसरा, मोकळी. मग 'तीन'नंतरच्या 'आणि'वर सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट. 'चार'वर पुन्हा पाचवी मोकळी, आणि ती बार संपेपर्यंत गुंजू द्यायची. टॅबमध्ये वेळ कळत नाही ही जी तक्रार आहे, ती मोजण्याची एक ओळ वर लिहिली की निम्म्याहून जास्त मिटते.

यानंतर गाण्यात जिथे जिथे हा तुकडा येईल, तिथे फक्त 'रिफ १, दोनदा' एवढंच लिहा. पुन्हा आकडे लिहायचे नाहीत.

६. सोलोच्या जागी रिकामी चौकट. 'सोलो, आठ बार' आणि खाली त्या आठ बारांच्या कॉर्ड्स. सोलो येत नसेल तर तेवढे बार कॉर्ड्स वाजवा, कीबोर्डवालीला पुढे येऊ द्या, नाहीतर कुणीतरी शीळ घाला. सोलो येत नाही म्हणून गाणं अडवून ठेवायचं नाही.

७. शब्द पूर्ण लिहू नका. प्रत्येक ओळीचे पहिले दोन शब्द पुरतात. पान लहान राहतं, गाणं लवकर पाठ होतं, आणि दुसऱ्याने लिहिलेलं आख्खं गीत आपण ग्रुपवर फिरवत नाही. त्या शब्दांवरही कुणाचं तरी घर चालत असतं.

सगळं मिळून एक पान. दुसऱ्या पानावर गेलं तर समजा, काहीतरी जास्त लिहिलंय.

फोनवर पाठवताना

टॅब मोबाइलवर टाइप करून पाठवला की हमखास मोडतो. प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, ओळ स्क्रीनवर मावली नाही की खाली उतरते, आणि तिसरा फ्रेट भलत्याच मात्रेवर जाऊन बसतो. वरचा माझा रिफसुद्धा तुमच्या फोनवर जरासा तिरका दिसत असेल, म्हणूनच खाली तो शब्दांत सांगितला. सोपा मार्ग म्हणजे वहीच्या पानाचा उभा, स्वच्छ उजेडातला फोटो. एका ओळीत दोनपेक्षा जास्त बार लिहू नका, म्हणजे मोठं करून बघायची वेळ येत नाही.

व्हॉइस नोटवर कॉर्ड्स सांगत असाल तर जपून. बी, डी, जी, सी, ई हे सगळे ऐकायला भाऊ-भाऊच. आमच्या गच्चीवर 'डी फॉर डोसा, बी फॉर बोंडा' असं चालतं. बसवनगुडीत दुसरं काय सुचणार!

आणि एक सावधगिरी. तयार मिळणारे कॉर्ड चार्ट आणि टॅब बहुतेक वेळा कुणा हौशी माणसाने ऐकून लिहिलेले असतात. त्यात चुका असतात. कॉर्ड वाजवल्यावर कानाला टोचली तर कागदापेक्षा कानावर विश्वास ठेवा. मेजरच्या जागी मायनर करून बघा, शेजारची कॉर्ड करून बघा. ही शोधाशोध म्हणजेच शिकणं.

मग पूर्ण टॅब टाकूनच द्यायचा का?

नाही, अजिबात नाही. काही शिक्षक म्हणतील की असं अर्धं लिहायची सवय लागली की मुलं आळशी होतात, अवघड जागा कायमच्या टाळतात. यात तथ्य आहे. एखादा सोलो स्वरानस्वर शिकायचा असेल, तर पूर्ण टॅब आणि त्याच्या जोडीला रेकॉर्ड हाच रस्ता. उजव्या हाताची बोटं एकेक तार छेडतात अशा गाण्यांत पूर्ण टॅब लागतोच. बोटांची ताकद वाढते ती अवघड जागांवरच.

मी एवढंच म्हणते की दोन कागद दोन वेळांसाठी ठेवा. एकट्याने सरावाला बसाल तेव्हा पूर्ण टॅब, रोज चार बार, सावकाश. चौघांत वाजवाल तेव्हा हे एक पान. आणि हे पान कायमचं नसतं. पेन्सिलीने लिहा असं म्हटलं ते त्यासाठीच. या महिन्यात सोलोची चौकट रिकामी असेल. पुढच्या महिन्यात तिच्यात दोन बार येतील, त्याच्या पुढच्या महिन्यात चार. एफ मेजर सेव्हनच्या जागी एक दिवस पूर्ण एफ येईल आणि त्या दिवशी खोडरबर वापरताना फार बरं वाटेल.

पालकांना एक विनंती. मुलाने गिटार सोडली असं वाटलं तर "किती पैसे घातले" हे लगेच काढू नका. त्याच्यासमोर कुठला कागद आहे ते आधी बघा. सात पानं असतील तर त्याच्याबरोबर बसून त्याचं एक पान करा. तुम्हाला कॉर्ड येत नसेल, पण टाळी येते ना? तेवढं पुरे.

या आठवड्याचा गृहपाठ: एक गाणं, एक पान, एक रिफ. रविवारी संध्याकाळी घरातल्या निदान एका माणसाला सोबत घेऊन ते शेवटपर्यंत वाजवा. मध्ये चुकलं तर थांबायचं नाही, पुढच्या बारला येऊन मिळायचं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ती गिटार कव्हरमधून बाहेर काढा, आणि हो, आधी सूर लावून घ्या!